सेकंदाला ४,५५१ बिस्किटं!

लासलगावच्या बाजार समितीत हंगामातल्या एखाद्या भरगच्च दिवशी वीसेक हजार क्विंटल कांदा येतो. वीस हजार क्विंटल म्हणजे वीस लाख किलो! एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वीस क्विंटल माल धरला, तर एक हजार ट्रॅक्टर झाले. प्रत्येकाला दहा मीटर जागा देऊन ते एकामागे एक उभे केले, तर रांग होते दहा किलोमीटरची. बाजाराच्या फाटकापासून निघालेलं तिचं शेपूट विंचूर ओलांडून पुढे जाईल. १ एप्रिल १९४७ रोजी सुरू झालेली ही बाजार समिती आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून उगाच ओळखली जात नाही. पहिल्यांदा ते आवार पाहणारा माणूस कांद्याच्या त्या डोंगरापुढे तोंडात बोट घालतो.

आता जरा चहाच्या टपरीकडे वळूया. स्टोव्हच्या बाजूला पिवळ्या पुड्यांची चळत रचलेली असते. पाच रुपयांचा पारले-जी! रात्रीच गाडी भरून पहाटे घराबाहेर पडलेला शेतकरी तो घेतो. पाठीवर गोणी वाहून घाम पुसणारा हमाल घेतो. काट्यावरचा मापारी घेतो, पिकअपचा ड्रायव्हर घेतो, आणि लिलावात लाखांचा माल बोलून आलेला व्यापारीही घेतो. तळहातावर मावेल एवढा तो पुडा. पण देशभर एका दिवसात खपणारी ही बिस्किटं एकत्र करून वजन केलं, तर किती भरेल?

वीस लाख किलो! लासलगावच्या त्या भरगच्च दिवसाच्या कांद्याइतकं! आणि कांद्याला हंगाम असतो, लिलावाला सुट्टी असते. बिस्किटाला हंगामही नाही आणि सुट्टीही नाही.

विश्वास बसत नाही ना? मग चला, हिशेब मांडूनच बघूया.

पारले-जीबद्दल एक आकडा गेली कित्येक वर्षं छापून येतो आहे: दर सेकंदाला ४,५५१ बिस्किटं खाल्ली जातात. डोळ्याची पापणी लवेपर्यंत हजारभर बिस्किटं गडप! लासलगावात एका ट्रॅक्टरवर बोली लागून भाव फुटायला साधारण मिनिटभर लागतं असं धरू. तेवढ्यात २ लाख ७३ हजार बिस्किटं फस्त झालेली असतात. एका बिस्किटाचं वजन पाच ग्रॅम धरलं, तर ती साडेतेरा क्विंटलच्या वर जातात. म्हणजे इकडे एका ट्रॉलीचा कांदा विकला जातो आणि तिकडे दोन तृतीयांश ट्रॉली बिस्किटं पोटात गेलेली असतात.

दिवसात ८६,४०० सेकंद असतात. ४,५५१ ला त्यांनी गुणलं की उत्तर येतं ३९ कोटी ३२ लाख. आपण सोयीसाठी ४० कोटी म्हणूया. आता दुसरा आकडा घ्या: महिन्याला सुमारे १०० कोटी पुडे. एका पुड्यात बारा बिस्किटं धरली तर महिन्याची झाली १,२०० कोटी, आणि तीस दिवसांनी भागल्यावर रोजची पुन्हा ४० कोटी! दोन वेगळ्या वाटांनी निघालेले आकडे एकाच मुक्कामी येऊन भेटतात. मग आपणही त्यांच्यावर भरवसा टाकून पुढे निघूया.

४० कोटी गुणिले पाच ग्रॅम म्हणजे २,००० टन. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून दिल्लीला कांद्याची खास मालगाडी गेली होती. ‘कांदा एक्सप्रेस’ म्हणून देशभर तिचा गाजावाजा झाला. ४२ वाघिणी आणि १,६०० टन कांदा! दिल्लीचा बाजार थंड करायला ती गाडी निघाली, तर बातम्यांत तिचीच चर्चा. बिस्किटांची अशी एक गाडी भरून पाव गाडी उरते, आणि तेही रोज! वर्षाला अशा ४५६ गाड्या! एक गाडी इंजिनासकट साडेसहाशे मीटरच्या आतबाहेर धरा आणि त्या सगळ्या एका रुळावर डब्याला डबा लावून उभ्या करा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रूळ भरत निघतील. ठाणे भरेल, कल्याण भरेल, कसारा घाट भरेल, इगतपुरी, नाशिक रोड, निफाड, लासलगाव, मनमाड भरेल, आणि शेवटचा डबा नांदगावच्या स्टेशनात उभा असेल. जवळपास २९० किलोमीटर नुसती बिस्किटं!

वजन झालं. आता लांबी बघूया, कारण खरी गंमत तिथे आहे.

पारले-जीचं एक बिस्किट सुमारे सहा सेंटीमीटर लांब असतं. दिवसाची ४० कोटी बिस्किटं टोकाला टोक लावून मांडली तर २४ हजार किलोमीटर होतात. मुंबई-पुणे अंतर दीडशे किलोमीटर धरलं, तर मुंबईहून पुण्याला ऐंशी वेळा जाऊन ऐंशी वेळा परत येता येईल. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर आहे, म्हणजे दोन दिवसांची बिस्किटं तिला वेढा घालून उरतील. सोळा दिवसांत रांग चंद्रावर टेकेल. वर्षभरात ती चंद्रावर जाऊन परत येईल, पुन्हा जाईल, पुन्हा येईल, अशा अकरा फेऱ्या पुऱ्या करेल आणि तरी थोडी उरेल.

आता हीच रांग धावायला लागली आहे अशी कल्पना करा. खाणाऱ्यांच्या वेगाने, दर सेकंदाला ४,५५१ बिस्किटं. दर सेकंदाला ती २७३ मीटर पुढे सरकेल. मुंबईची बारा डब्यांची लोकल साधारण २६० मीटर लांब असते. म्हणजे तुम्ही फलाटावर उभे आहात आणि अख्खी लोकल, मोटरमनच्या केबिनपासून गार्डच्या डब्यापर्यंत, एका सेकंदात तुमच्यासमोरून निघून गेली! मग दुसऱ्या सेकंदाला दुसरी, तिसऱ्याला तिसरी, दिवसभर, रात्रभर. ताशी वेग निघतो ९८३ किलोमीटर. प्रवासी विमानं साधारण साडेआठशे-नऊशेने उडतात, म्हणजे बिस्किटाने विमानालाही मागे टाकलं! लासलगावहून रेल्वेने मुंबई सुमारे २३५ किलोमीटर आहे. ही रांग ते अंतर सव्वाचौदा मिनिटांत कापेल. मुंबई-पुणे नऊ मिनिटांत! द्रुतगती मार्गावर तेवढ्या वेळात आपण टोलनाक्यावरच असतो.

एवढ्या वेगाने धावणाऱ्या बिस्किटाची सुरुवात मात्र अगदी हळू झाली. साल १९२९. मोहनलाल दयाळ चौहान यांनी मुंबईच्या विलेपार्ले या उपनगरात एक छोटा कारखाना काढला. कामाला माणसं होती अवघी बारा! आजच्या एका पुड्यात जेवढी बिस्किटं आपण धरली, तेवढीच. सुरुवातीला तिथे गोळ्या-चॉकलेटं बनायची. बिस्किटाची भट्टी पेटायला आणखी दहाएक वर्षं जावी लागली. त्या काळात बिस्किट ही साहेबाच्या टेबलावरची चीज होती. विलायतेहून डब्यात बंद होऊन यायची आणि डब्याचा भाव सामान्य माणसाच्या खिशाला झेपायचा नाही. पार्ल्याच्या ग्लुको बिस्किटाने ती चीज गिरणी कामगाराच्या हातात दिली. स्वदेशीचे दिवस होते, आणि लोकांनी तिला उचलून धरलं.

पुढचा काळ सोपा नव्हता. फाळणीत गव्हाची मोठी सुपीक जमीन सीमेपलीकडे गेली आणि देशात गव्हाची टंचाई झाली. तेव्हा गहू पुरेसा मिळेपर्यंत जवाची बिस्किटं घ्या, असं कंपनीने जाहिरातीतून लोकांना सांगितलं. लोकांनी घेतली. ग्लुकोज बिस्किटं काढणारे बरेच झाले, गिऱ्हाईक गोंधळायला लागलं, तेव्हा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘पारले-जी’ हे नाव आलं. पुड्यावरची गुटगुटीत मुलगी त्याच्याही आधीची, साठच्या दशकातली. ती अमकी आहे, ती तमकी आहे, अशा कितीतरी बातम्या फिरल्या. प्रत्यक्षात ते एव्हरेस्ट या जाहिरातसंस्थेतल्या मगनलाल दहिया यांच्या कुंचल्यातून उतरलेलं चित्र आहे. आता त्या चित्राचीही गणना करा! महिन्याला १०० कोटी पुडे म्हणजे महिन्याला १०० कोटी वेळा तिचा चेहरा छापला जातो. वर्षाला १,२०० कोटी! जगातल्या माणसांची संख्या ८०० कोटींच्या आसपास आहे. प्रत्येकाच्या हातात तिचं एक चित्र देऊन पुन्हा निम्म्या जगाला दुसरं देता येईल.

२०११ मध्ये नीलसन या बाजार-संशोधन संस्थेच्या पाहणीत हे जगातलं सर्वाधिक खपाचं बिस्किट ठरलं. २०१३ मध्ये वर्षाच्या किरकोळ विक्रीने ५,००० कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला. विलेपार्ल्याचा तो मूळ कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. पार्ल्याच्या स्टेशनावर उतरताच येणारा बिस्किटांचा खरपूस वास थांबला, आणि त्या वासावर वाढलेल्या पिढ्यांना खरंच चुटपुट लागली. पण भट्ट्या विझल्या नाहीत. त्या देशभर पसरल्या होत्या.

या भट्ट्यांना रोज लागतं तरी काय? बिस्किटात साधारण दोन तृतीयांश गव्हाचं पीठ असतं. म्हणजे रोज १,३०० टनांच्या वर पीठ. मैद्यासाठी दळताना कोंडा निघून जातो, तो धरून गहू लागेल सुमारे १,९०० टन. एकरी पंधरा क्विंटल उतारा धरला तर रोज पावणेतेराशे एकरांचं पीक! निफाडजवळ कुंदेवाडीला गव्हाचं संशोधन केंद्र आहे. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी आपल्याच भागातली नावं ल्यालेले गव्हाचे वाण तिथून आले. त्या शिवारात उभे राहा आणि चहूकडे नजर टाका. सकाळी उठून पावणेतेराशे एकर कापायचं, दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा तेवढंच, तिसऱ्या दिवशी पुन्हा. वर्षाकाठी साडेचार लाख एकरांच्या वर!

विहिरीच्या मापाने बघायचंय? आपल्याकडची वीस फूट व्यासाची, पन्नास फूट खोल विहीर घ्या. दिवसाची बिस्किटं तिच्यात तळापासून काठापर्यंत फट न ठेवता रचली तर एक विहीर भरेल, दुसरी भरेल, पाचवी भरेल, दहावी भरेल. बाराव्या विहिरीच्या काठाशी कुठे दिवसाचा माल संपेल! वर्षाला चार हजारांहून जास्त विहिरी!

आणि चहा? पारले-जी आणि चहा यांची ताटातूट करून कसं चालेल? बिस्किटात बारीक बारीक पोकळ्या असतात, त्या चहा झपकन ओढून घेतात असं शास्त्र सांगतं. आपण ते मान्य करू आणि गुणाकार करू. ४० कोटींपैकी निम्मीच बिस्किटं चहात बुडतात असं समजा आणि प्रत्येक बिस्किट तीन मिलिलिटर चहा पितं असं धरा. उत्तर येतं सहा लाख लिटर! उन्हाळ्यात येवला-नांदगावकडच्या वाड्यावस्त्यांवर दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर येतो, तो डोळ्यांसमोर आणा. तसे साठ टँकर. माणसांनी प्यायलेला चहा यात धरलेलाच नाही, हा नुसता बिस्किटांनी प्यायलेला! त्यातही किती बिस्किटं ऐन वेळी मऊ पडून कपाच्या तळाशी जात असतील. शंभरातलं एक जरी बुडालं तरी रोज वीस लाख! नाशिक शहरात २०११ च्या जनगणनेत पंधरा लाखांच्या आसपास माणसं होती. म्हणजे एका शहराच्या डोक्यांहून जास्त बिस्किटं रोज चहात बुडतात, आणि चमच्याने किंवा बोटाने बाहेर काढली जातात.

पैशाकडे वळूया. रोजचे पुडे सव्वातीन कोटींच्या वर. सगळे पाच रुपयांचे धरले आणि प्रत्येकाने पाचचं एक नाणं दिलं, तर नाण्याचे सहा ग्रॅम धरून २०० टन नाणी गोळा होतील. शंभर ट्रॅक्टर नुसत्या नाण्यांचे! लासलगावच्या फाटकातून नाण्यांनी भरलेल्या शंभर ट्रॉल्या खळखळत आत येताहेत, असं चित्र आहे हे. रक्कम होते साडेसोळा कोटींच्या वर, रोजची. आता उलटं जाऊया. पाच रुपयांत बारा बिस्किटं म्हणजे एक बिस्किट पडलं ४२ पैशांना. बेचाळीस पैशांत आज दुसरं काय येतं? महागाई आली, तेल कडाडलं, साखर चढली, तेव्हा कंपनीने पुड्यातले ग्रॅम थोडे थोडे कमी केले, पण छापील किमतीला होता होईल तो हात लावला नाही. कारण हे सगळे डोंगर, या सगळ्या गाड्या, ही विमानाला मागे टाकणारी रांग त्या एका छोट्या नाण्यावर उभी आहे.

२०२० साल आठवा. टाळेबंदी लागली, हॉटेलं बंद, टपऱ्या बंद. मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसं गठुडी घेऊन चालत निघाली. भिवंडीहून, कसाऱ्याच्या घाटातून, नाशिक, चांदवड, मालेगाव करत शेकडो किलोमीटर. रस्त्याकडेला उभं राहून लोक त्यांच्या हातात पाणी देत होते आणि बिस्किटाचा पुडा देत होते. चूल लागत नाही, ताट लागत नाही, लवकर खराब होत नाही, लहान मूलही खातं. कंपनीने तीन आठवड्यांत तीन कोटी पुडे वाटण्याची घोषणा केली. तीन कोटी! ऐकून छाती दडपते. पण आपल्या हिशेबात ते बसवून बघा: हा देश एरवी एका दिवसात त्याहून जास्त पुडे संपवतो. त्या काळात तर गेल्या आठ दशकांतला सर्वांत मोठा खप झाला.

त्याच दिवसांत घराघरांत आणखी एक गोष्ट घडली. बेकऱ्या बंद होत्या आणि पोरांचे वाढदिवस काही थांबत नव्हते. मग आयांनी पारले-जीचे पुडे फोडले, मिक्सरला फिरवले, दूध घातलं, साखर घातली, इनोची पुडी टाकली आणि शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये केक केला! ओव्हन नाही, अंडं नाही, लोणी नाही, तरी टम्म फुगलेला केक. दुकानात पाकिटातला केक आज सगळीकडे मिळतो. पण पाच रुपयांच्या बिस्किटाने घरोघरी स्वतःचाच केक करून दाखवला, त्याला तोड नाही.

या केकचाही गुणाकार केल्याशिवाय पुढे कसं जायचं? देशाची लोकसंख्या १४० कोटी धरा आणि ३६५ ने भागा. रोज सरासरी ३८ लाख लोकांचा वाढदिवस असतो. रोजचे पुडे आहेत सव्वातीन कोटींच्या वर. वाटणी केली की प्रत्येक वाढदिवसाच्या वाट्याला आठ पुडे येऊन थोडे उरतातच. आठ पुड्यांची बिस्किटं म्हणजे ४८० ग्रॅम. दूध-साखर वेगळीच! म्हणजे या देशात आज ज्याचा ज्याचा वाढदिवस आहे, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, बंगल्यात असो की पालात, त्या प्रत्येकापुढे अर्धा किलोचा केक ठेवता येईल. उद्या पुन्हा ३८ लाख, परवा पुन्हा ३८ लाख. वर्षभरात एकही माणूस केकवाचून राहणार नाही. खर्च माणशी चाळीस रुपयांची बिस्किटं!

आता शेवटचा आकडा. दम घ्या, कारण हा सगळ्यांत मोठा आहे.

वर्षाला किती बिस्किटं? ४० कोटी गुणिले ३६५ म्हणजे १४,६०० कोटी. एकावर अकरा शून्यांच्याही पुढचा हा आकडा. तो मोजायचाच असं ठरवूया. एका सेकंदाला एक बिस्किट. झोप नाही, जेवण नाही, थांबायचं नाही. एका दिवसाचा माल मोजायलाच साडेबारा वर्षांच्या वर लागतील. पहिलीत नाव घातलेला मुलगा बारावी होऊन बाहेर पडेल तेव्हा कुठे एक दिवस मोजून होईल! आणि अख्ख्या वर्षाचा माल आज संपवायचा असेल तर मोजणी कधी सुरू करायला हवी होती? शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी? जमणार नाही. सातवाहनांच्या काळात, नाशिकची पांडवलेणी कोरली जात असताना? तरीही जमणार नाही, निम्मंही होणार नाही. मागे, अजून मागे, बुद्धाच्याही मागे जा. मोजणी सुरू करायला हवी होती ४,६०० वर्षांपूर्वी, सिंधूकाठी हडप्पा-मोहेंजोदारो भरभराटीला येत होती तेव्हा! तिथे पहिलं बिस्किट मोजलं असतं, तर साम्राज्यं आली-गेली, नद्यांनी पात्रं बदलली, आणि आज लासलगावच्या टपरीवर येऊन कुठे शेवटचं मोजलं असतं. एवढी बिस्किटं आपण सगळे मिळून एका वर्षात खातो!

आणि हे सगळं करायला कोणाला काय विशेष करावं लागतं? हा प्रचंड आकडा माणशी करून बघा. वर्षाला एकाच्या वाट्याला शंभराच्या थोडी वर बिस्किटं येतात. म्हणजे आठवड्याला दोन. फक्त दोन! कुठल्याही श्रीमंताने कितीही खाल्लं तरी त्याच्या एकट्याने असा आकडा होत नाही. त्याला १४० कोटी माणसं लागतात, आणि त्यांतल्या कुणालाही दुकानाच्या पायरीवरून परत पाठवून चालत नाही. हमालाला परवडलं म्हणून विहिरी भरल्या. शाळेतल्या पोराला परवडलं म्हणून चंद्र गाठला. शेकडो किलोमीटर चालत निघालेल्या मजुराला परवडलं म्हणून आठ दशकांचा विक्रम मोडला. हा एवढा मोठा खप छोट्या नाण्यांनी घडवला आहे, आणि त्या नाण्यांत तुमचंही आहे आणि माझंही.